हौसाचं माप

डोळे मिटा आणि असं समजा, की तुम्ही एका लाकडी फळीवर उताणे झोपला आहात. फळी नुकतीच रंधून आणलेली आहे. पाठीला ती गार लागते आणि तिला ओल्या सागाचा वास येतो. एक सुतार तुमच्या शेजारी गुडघे टेकून बसला आहे आणि जाड पेन्सिलीनं तुमच्या अंगाच्या कडेकडेनं रेघ ओढतो आहे. कानावरून खांद्यावर, खांद्यावरून दंडावर, दंडावरून काखेत. गुदगुल्या होतात. हसू फुटतं, पण हलायचं नाही असं सांगितलेलं आहे. शेजारी चष्मा लावलेला एक मोठा साहेब उभा आहे आणि तो फक्त तुमच्याकडे बघतो आहे. आज आपल्याइतकं मोठं गावात कुणीच नाही, असं तुम्हाला वाटतं.

आता डोळे उघडा. त्या दिवसापासून गावातलं एकही मूल तुमच्या जवळ येणार नाही. तुमचं काहीही चुकलेलं नाही, तरीसुद्धा.

ही गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण तुम्ही ती ऐकावी असं वाटतं, कारण हिच्यात जे जे वाईट वागले, त्यांतल्या एकालाही आपण वाईट वागतो आहोत असं वाटलं नव्हतं.

हे घडलं १९५६ सालच्या हिवाळ्यात. पुण्याहून मुंबईकडे जाताना चिंचवड ओलांडलं, की तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारी आणि हरभऱ्याची रानं लागत. त्यांतल्याच काही रानांत एक मोठा कारखाना उभा राहत होता. कारखान्यात बाहेरगावचे कामगार येणार, त्यांची मुलंबाळं येणार, म्हणून मालकांनी तिथं एक शाळाही बांधायला काढली. कामगारांच्या आणि गावच्या मुलांसाठी मिळून एकच शाळा. तिचा नकाशा काढायला त्यांनी पुण्याहून अर्जुनराव टिपणीस यांना बोलावलं.

टिपणीस वास्तुविशारद होते. घर कसं असावं, उजेड कुठून यावा, पायरी केवढी असावी, हे ठरवणारा माणूस म्हणजे वास्तुविशारद. गावात हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. गावकरी त्यांना इंजिनेर साहेब म्हणत. मी इंजिनिअर नाही, असं टिपणीस दर वेळी समजावून सांगत. लोक मान डोलवत आणि पुन्हा इंजिनेर साहेबच म्हणत.

मोठं युद्ध संपल्यावर टिपणीस बोटीनं युरोपात गेले होते. तिथं त्यांनी बॉम्बनं सपाट झालेली शहरं पाहिली. माणसं तळघरांत राहत होती. विटांच्या ढिगाऱ्यावर बसून मुलं पाढे म्हणत होती. मोठमोठ्या कमानी, नक्षीचे खांब, राजवाडे, सगळं पडलं होतं आणि त्यानं कुणालाही वाचवलं नव्हतं. ते पाहून तरुण टिपणिसांनी मनाशी ठरवलं, की आता इमारत साधी हवी. नक्षी नको. सिमेंट, लोखंड, वारा आणि उजेड. आणि तिचं माप राजाच्या हौसेनं नाही, तर आत राहणाऱ्या माणसाच्या शरीरावरून ठरायला हवं. लहान मुलांची शाळा असेल तर खिडकी लहान मुलाच्या डोळ्यांना पोचली पाहिजे आणि कडी लहान मुलाच्या हाताला.

विचार चांगला होता. फार चांगला होता. चांगला विचार डोक्यात असलेला माणूस काय काय करू शकतो, ते आता बघू.

शाळा खांबांवर उभी राहणार होती. खाली मोकळी जागा, वर वर्ग, आणि कौलांऐवजी सपाट स्लॅब. गावानं नकाशा पाहिला आणि महिनाभर हसून घेतलं. गावचे पाटील आबाजी चावडीवर म्हणाले, "खाली म्हशी बांधायच्या आन् वर पोरं. साहेबाचं डोकं झ्याक हाय. शेण काढायला मास्तर हायेच." टिपणिसांच्या कानावर ते गेलं. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. गाव काय बोलतं हे त्यांना वाऱ्याच्या आवाजासारखं होतं. नव्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि कान लावून ऐकायचं, अशी त्यांना सवय होती. भिंतीत पोकळी राहिली असेल तर त्यांना ती आवाजावरून कळे.

ज्या जागेवर शाळा येणार होती ते रान कोंडाजीचं होतं. रान गेलं आणि त्याच जागेवर कोंडाजीला रखवालदाराची नोकरी मिळाली. खाकी कोट, हातात दंडुका. आपल्याच बांधावर तो आता दुसऱ्याची खडी राखत बसे. पण टिपणिसांनी एकदा त्याच्या मुलीकडे बोट दाखवून त्याला सांगितलं होतं, की तुझ्या रानात शाळा होते आहे, तेव्हा पटावर पहिलं नाव हिचं. तेवढ्यावर कोंडाजी सगळं विसरायला तयार होता.

ती मुलगी म्हणजे हौसा. कोंडाजीची आणि अंबूबाईची एकुलती एक. गावातली चार मोठी मुलं चिंचवडला शाळेत जात. मुलींना तेवढ्या लांब कुणी पाठवत नसे. हौसा खडीच्या ढिगावर बसून शाळेचे खांब वर चढताना बघायची आणि दिसेल त्याला सांगायची, "पैलं नाव माजं हाय." इतक्यांदा सांगायची, की बाकीची मुलं तिला 'पैलं नाव' म्हणूनच हाक मारायला लागली.

पुढं एक वाईट गोष्ट घडली. एक गवंडी परांचीवरून पडला आणि कमरेत मोडला. परांची म्हणजे उंच कामावर उभं राहायला बांधलेला बांबूंचा माचा. बांबू कुजका होता. दौलतराव नावाच्या कंत्राटदारानं तो स्वस्तात आणला होता. पण बांबूबद्दल कुणी बोललं नाही. मजुरांत आणि गावात दुसरीच कुजबूज सुरू झाली, की एवढं मोठं काम उभं राहायचं तर त्याला एक जीव लागतो, आणि मोठ्यापेक्षा लहान मूल बरं पडतं. ही समजूत जुनी आहे. पूल बांधताना, धरण बांधताना गावोगाव ही आवई उठायची आणि कुठंही कुणी मूल पुरल्याचं सिद्ध झालं नाही, तरी दर वेळी नव्यानं उठायची. मजूर पळाले. गावातल्या बायांनी मुलं घरात कोंडली. कामावर कावळे बसायला लागले.

नेमकी त्याच वेळी टिपणिसांना मुलं हवी होती.

त्यांचा बेत असा होता. गावातली सगळी मुलं ओळीनं उभी करायची, त्यांची उंची घ्यायची, त्यातून एक मधलं माप काढायचं आणि त्या मापावर शाळेच्या पायऱ्या, खिडक्या, बाकं, सगळं बेतायचं. शिवाय दर्शनी भिंतीत त्या मापाच्या मुलाची आकृती, एक हात वर केलेली, सिमेंटमध्ये खोल उमटवायची. ही शाळा कुणाच्या मापाची आहे ते येणाऱ्याला एका नजरेत कळावं म्हणून. त्यांनी निरोप धाडला. एकही मूल आलं नाही. सगळी कडी-कोयंड्याच्या आत होती.

कोंडाजीला साहेबापुढं गावाची लाज वाटली. एवढा मोठा माणूस, आणि गाव त्याला असं वागवतं. तो घरी गेला आणि हौसाचा हात धरून तिला घेऊन आला. अंबूबाई आडवी आली होती. तिला तो म्हणाला, की साहेब शिकलेला माणूस आहे, तो काय पोरीला खाणार आहे?

अनेक मुलांमधलं मधलं माप काढायचं होतं, आणि मूल आलं एकच. टिपणिसांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चालेल म्हणाले.

सोनबा सुतारानं फळी भिंतीला टेकवून हौसाला तिच्यापुढं उभं केलं. पण ती हसत होती, हलत होती, रेघ वाकडी जात होती. टिपणीस म्हणाले, "हिला झोपवा."

सोनबाचा हात थांबला. "साहेब, हुबीच राहू द्या की. म्या सावकाश काढतो."

"उभं मूल हलतं. झोपवा."

इथं तुम्हाला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. टिपणीस ज्या शहरात वाढले तिथंही ती ठाऊक होती, पण त्यांनी ती कधी मनावर घेतली नव्हती. उभ्या माणसाचं माप कुणीही घेतो, शिंपी रोज घेतो. पण माणसाला झोपवून डोक्यापासून पायापर्यंतचं माप घ्यायचं, ते एकदाच. मेल्यावर. तिरडीचे बांबू तोडायला. जित्याचं माप असं कुणी घेत नाही. सोनबानं फळी जमिनीवर ठेवली आणि हौसा तिच्यावर आडवी झाली. तिच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून टिपणिसांनी स्वतः वाकून फळी वळवून दिली. ती दया होती. तेवढ्यानं तिचे पाय दक्षिणेकडे झाले. पायही तसे मेलेल्याचेच करतात.

फाटकापाशी कोंडाजी उभा होता. त्यानं दोन पावलं पुढं टाकली. पण साहेबाला काय म्हणायचं, आणि कसं, हे सुचेपर्यंत रेघ पुरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मजूर कामावर परत आले. सगळे. आपण परवा मजुरांना जे चार शब्द समजावून सांगितले त्याचा हा परिणाम, असं टिपणिसांना वाटलं. गावातल्या घरांच्या कड्या निघाल्या. मुलं रानोमाळ सुटली, खडीच्या ढिगावर चढली, खांबांमधून लपंडाव खेळायला लागली. बायांनी मोकळा श्वास घेतला. का, ते तुमच्या ध्यानात आलं असेल. कामाला एक मूल हवं होतं, आणि ते मिळालं होतं. आता बाकीची सुटली.

हौसा पळत खेळायला गेली. खेळ थांबला. पाटलाचा मुलगा भैरू, तिच्याच वयाचा, सगळ्यांच्या पुढं होता. तो दोन पावलं मागं सरकला.

"तू नगं. तुजं माप गेलंय."

"कुटं गेलंय?"

"भितीत. तुला हात लागला तर आमचं बी जातंय. आई म्हनली."

हौसाला वाटलं हा नवा खेळ आहे. ती हसून त्याच्याकडे धावली. सगळी मुलं किंकाळ्या फोडत पांगली, आणि त्या किंकाळ्या खेळातल्या नव्हत्या. तेव्हा ती उभी राहिली.

मोठी माणसं मुलांसारखी ओरडत नाहीत. ती प्रेमानं वागली. बाया अंबूबाईच्या दारात येऊन हौसासाठी गुळाचा खडा ठेवून जायच्या, हातात द्यायच्या नाहीत, उंबऱ्यावर ठेवायच्या. संक्रांतीला तिच्यासाठी तिळाच्या वड्या एवढ्या आल्या की डबा भरला. पाटलीणबाईंनी नवं परकर-पोलकं पाठवलं. गावातल्या कुठल्याही मुलीचे एवढे लाड कधी झाले नव्हते. अंबूबाईला पाणवठ्यावर जागा करून देत आणि हळूच म्हणत, "मन घट्ट कर, अंबू. तुझ्या लेकीनं आमची पोरं वाचीवली." हौसा काठावरच बसलेली असायची. ती सगळं ऐकायची.

दर्शनी भिंतीचा साचा निघाला. राखाडी सिमेंटमध्ये हात वर केलेली हौसा खोल उमटली होती. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती पोकळी. टिपणिसांनी कडेनं बोट फिरवलं आणि ते खूश झाले. कोंडाजीनं ती पोकळी पाहिली आणि त्याच दिवशी तो दौलतरावांच्या पत्र्याच्या खोलीत गेला. टिपणीस तिथं नकाशा पसरून बसले होते. कोंडाजीनं दंडुका बाहेर ठेवला, आत जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं. पोरगी रात्री दचकते. भाकरी खात नाही. मी कधी मरणार, असं विचारते.

टिपणिसांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कोंडाजी, तू शहाणा माणूस आहेस. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नसतो."

"म्या कुटं ठेवतोय साहेब. त्ये ठेवत्यात. तुमी एकडाव चावडीवर या. चार मान्सांत सांगा, हिला काय बी हुनार न्हाई म्हनून. तुमचं ऐकत्याल."

"सांगेन की."

"आन् त्ये भितीतलं तेवडं लिंपून टाका."

"ते नाही होणार." टिपणिसांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "भिंत नासेल. आणि ती काही तुझी हौसा नाही. जगातलं कुठलंही मूल आहे ते."

"आसंल साहेब. पर झोपवली व्हती माजीच."

टिपणीस खरंच उठले होते. पायात बूट घालत होते. चावडी काही लांब नव्हती. तेव्हा दौलतरावांनी कोंडाजीला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार ओढून घेतलं. पत्र्याच्या खोलीतलं बोलणं बाहेर ऐकू येतं. दौलतराव म्हणाले, "साहेब, जा, सांगा. पण आधी एक ऐका. मजूर का परत आले, ठाऊक आहे? तुमच्या भाषणानं नाही. पोरगी दिली असं धरून चाललेत ते. तुम्ही सांगणार, दिली नाही. म्हणजे अजून द्यायची आहे. उद्या सकाळी इथं कुत्रंसुद्धा राहणार नाही. आणि स्लॅब तोंडावर आला आहे."

स्लॅब म्हणजे सपाट छप्पर. ते एका दमात ओतावं लागतं. मध्येच माणसं पळाली तर अर्धं सुकतं, सांधा राहतो आणि सगळं वाया जातं.

 मग टकटक ऐकू आली. टिपणीस टेबलावर पेर वाजवत होते. शेवटी ते म्हणाले, "असं करू. आधी स्लॅब पडू दे. मग सांगतो."

बघा मुलांनो, गावकऱ्यांनी खोट्या गोष्टीवर विश्वास ठेवला, कारण त्यांना तीच खरी वाटत होती. टिपणिसांचा त्या गोष्टीवर अजिबात विश्वास नव्हता. तरी त्यांनी ती वापरली. दोघांतलं जास्त वाईट कोण, हे मी सांगत नाही. तुम्ही ठरवा, आणि ठरवायची घाई करू नका.

स्लॅबच्या दिवशी अंबूबाईनं हौसाला घराबाहेर पडू दिलं नाही. गावाची खात्री होती की तिचा दिवस हाच. कामावर नारळ फुटला, बायांची रांग लागली, सिमेंटची घमेली हातोहात वर चढायला लागली. इकडे अंबूबाईच्या दारात एक बाई ताक मागायला आली. ती गेली तशी दुसरी आली, विस्तव मागायला. मग तिसरी, सुपासाठी. कुणाला ताक नको होतं आणि सूपही नको होतं. दारातून मान आत घालून बघायचं होतं, की झालं का. हौसा कोपऱ्यात पाटीवर रेघोट्या ओढत बसलेली असायची. बाई तिच्याकडे बघायची, ती बाईकडे बघायची, आणि बाई रिकाम्या हातानं परत जायची. चौथ्या बाईला हौसाच म्हणाली, "अजून न्हाई, मावशी."

संध्याकाळपर्यंत स्लॅब पडला. मजुरांना गूळ वाटला. हौसानं भाकरी आणि कालवण खाल्लं आणि ती झोपली.

ती जगली. आता सगळं ठीक होईल, असं तुम्हाला वाटेल. कोंडाजीलाही तसंच वाटलं.

पण गावाचा हिशेब चुकला होता, आणि आपला हिशेब चुकला असं कुठलंच गाव कबूल करत नाही. गुळाचे खडे बंद झाले. पाटलीणबाईंनी परकर-पोलकं परत मागितलं. हौसाकडे आता माणसं दयेनं नाही तर रागानं बघायला लागली. मग गावात गोवर आला. तो दर काही वर्षांनी यायचाच. त्यात खालच्या आळीतलं एक लहान मूल गेलं. त्या मुलाला पोचवून आल्यावर आबाजी पाटील कोंडाजीच्या दारासमोर उभे राहिले. आत आले नाहीत.

"कोंडाजी, हिच्या वाटचं त्या लेकरानं भोगलं. हिनं जायचं, त्ये गेलं. आता फुडं कुनाची पाळी?"

"गोवर व्हता पाटील."

"गोवर तुज्या घरात का न्हाई आला?"

 हौसाला गोवर आधीच येऊन गेला होता, हे कोंडाजीला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. मुलीला गावातून हलवा, असं पाटील सांगून गेले. अंबूबाईनं भोसरीला बहिणीकडे निरोप पाठवला. निरोप घेऊन गेलेला माणूस उत्तर घेऊन आला, की आमच्याही घरात लेकरं आहेत.

कोंडाजी पुन्हा टिपणिसांकडे गेला. आता स्लॅब पडला होता. टिपणीस म्हणाले, की आता कामगारांची घरं बांधायची आहेत, मजूर टिकले पाहिजेत, शाळेच्या उद्घाटनाला सगळं गाव येईल, तेव्हा सगळ्यांसमोर सांगू. कोंडाजीनं घरी येऊन हौसाला तसंच सांगितलं. ती रोज विचारायची, उद्घाटन कधी.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नवे गुरुजी कोंडाजीकडे आले. भला माणूस होता. खाली बघत म्हणाला, की पाटलांनी कळवलं आहे, हौसा वर्गात बसली तर गावातलं एकही मूल पायरी चढणार नाही. तेव्हा तूर्त तिला घरीच ठेवा. एकीसाठी सगळ्यांची शाळा बुडवायची का? पटावरचं पहिलं नाव भैरूचं घातलं होतं.

उद्घाटनाला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. कारखान्याचे साहेबलोक खुर्च्यांवर बसले, गाव एका बाजूला बसलं, नव्या कपड्यांतली मुलं पुढं. हौसा आईबापाजवळ लांब उभी होती. टिपणिसांनी भाषण केलं. ही शाळा कुठल्याही एका मुलाची नाही, प्रत्येक मुलाची आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढला. परदेशातल्या एका मासिकाला शाळेचे फोटो हवे होते. भिंतीतल्या पोकळीशेजारी एक मूल उभं हवं होतं. त्यांनी गर्दीवर नजर फिरवली आणि हौसाला हाक मारली.

ती गेली. एवढ्या माणसांसमोरून, एकटी. पोकळीला पाठ लावून उभी राहिली. टिपणीस म्हणाले, हात वर कर. तिनं हात वर केला नाही.

"साहेब, आदी सांगा यास्नी. मी मरनार न्हाई म्हनून."

सगळं गाव ऐकत होतं.  टिपणिसांनी कॅमेऱ्यावरून मान वर केली. खुर्च्यांमध्ये दौलतराव बसले होते आणि त्यांच्या मागं, मोकळ्या रानात, कामगारांच्या घरांचे पाये खणून ठेवलेले होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते टिपणिसांच्या ओठांवर आलेलं हौसानं पाहिलं.

"आधी फोटो, बाळ," ते हसून म्हणाले. "हात वर."

तिनं हात वर केला. कॅमेऱ्याचा खटका वाजला, पुन्हा वाजला. टिपणिसांनी तिची पाठ थोपटली, छान उभी राहिलीस म्हणाले, आणि पाहुण्यांना वर्ग दाखवायला वळले. थोड्या वेळानं त्यांची जीप पुण्याच्या रस्त्याला लागली. पुढं टिपणीस फार नावाजले. त्यांनी मोठमोठ्या इमारती बांधल्या. तो फोटो छापून आला आणि अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांनी तो पाहिला. खाली लिहिलं होतं, एक मूल, आपल्या मापाच्या शाळेपाशी.

ते सगळं नंतरचं. जीप गेली तेव्हा हौसा अजून भिंतीपाशीच होती. गुरुजींनी घंटा वाजवली. मुलं पायरीकडे निघाली आणि हौसाला टाळण्यासाठी लांबून वळसा घालायला लागली. सगळ्यांत पुढं भैरू होता, नवी टोपी घातलेला.

हौसा धावली. कुणाला काही कळायच्या आत तिनं भैरूचं मनगट धरलं.

भैरू ओरडला. त्यानं हिसडे दिले, तिच्या दंडाला चावला, लाथा मारल्या. पाटलीणबाई ऊर बडवत उठल्या आणि चार पावलांवर येऊन थांबल्या. आबाजी पाटलांनी काठी उगारली, पण काठी भैरूलाच लागली असती. सोडव म्हणून सगळे एकमेकांना सांगत होते. सोडवायचं तर हौसाला हात लावायला हवा होता. एवढ्या गावात कुणीही हात लावला नाही. कोंडाजी आणि अंबूबाईही पुढं झाले नाहीत. पहिल्यांदाच त्यांना लेकीला अडवायचं नव्हतं.

भैरू दमला. त्याचं रडणं हुंदक्यांवर आलं. दंडावर त्याचे दात उमटले होते तिथून हौसाचं रक्त ओघळत होतं. त्यानं ते पाहिलं, मग आपल्या मनगटावरच्या तिच्या बोटांकडे पाहिलं.

"तुजा हात ऊन हाय," तो म्हणाला.

 हौसानं पकड सैल केली नाही. त्याला तसाच ओढत ती पायऱ्या चढली, वर्गात गेली, पहिल्या बाकावर त्याला बसवलं आणि त्याच्या शेजारी बसली.